'गेट'ची यादी फळ्यावर लिहू नका

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग माझीच जुनी चूक आठवली. घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तुम्ही सातवीला इंग्रजी शिकवता. 'गेट म्हणजे मिळणे' असं पोरांकडून पाठ करून घेतलंत आणि चाचणीत 'आय गॉट वेट' या वाक्याचा अर्थ एकानं लिहिला, 'मले ओलं भेटलं'. कोश उघडला तर 'गेट'खाली अर्थांची रांग. आता तुम्ही विचारता की हे सगळे अर्थ यादी करून फळ्यावर लिहून द्यावेत का, 'हॅव गॉट' कसं समजवायचं, आणि तुमचे मुख्याध्यापक म्हणतात तसं 'गेट' हे खरंच हलकं इंग्रजी आहे का.

यादी देऊ नका. मी देऊन बसलो आहे. १९८८ साली आर्वी तालुक्यात शाळेवर लागलो तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. म्हणजे पोरांच्या हातात वर्षं कमी, आणि मला घाई. एका रविवारी बसून 'गेट'चे सत्तावीस अर्थ काढले, सोमवारी फळा भरून टाकला. पोरांनी ते पाढ्यासारखे म्हटले. सहामाहीला मी वाक्य दिलं, 'ही गॉट ऑफ द बस'. वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीनं आधी सत्तावीस अर्थ ओळीनं लिहून दाखवले आणि खाली वाक्याचा अर्थ दिला, 'त्याने बस बंद केली'. तिचं तरी काय चुकलं? ऑफ म्हणजे बंद, हे तिला घरच्या दिव्याच्या बटनानं शिकवलं होतं.

तुमच्या वर्गातल्या एकाही पोराला 'लागणे' या क्रियापदाचा अर्थ विचारून पाहा. सांगता येणार नाही. पण भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झाडाला संत्री लागतात, पोराला नाद लागतो, एसटी फलाटाला लागते, आंघोळीला गरम पाणी लागतं, आणि हे सगळं ते पोरगं दिवसभर न चुकता बोलतं. कोणी त्याला यादी दिली नव्हती. 'लागणे'च्या शेजारी कोण बसलंय ते पाहून त्यानं अर्थ उचलला. 'गेट' हे इंग्रजांचं 'लागणे' आहे. तिथंही शेजारी पाहायचा. असे शब्द छोटेच असतात बहुतेक. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट' या तीन अक्षरांच्या शब्दाची होती, ४३० अर्थांची. ते कोणी पाठ करून इंग्रजी बोलत नाही.

आता वर्गात काय करायचं ते सांगतो. फळ्यावर मराठीतच पाच वाक्यं लिहा: मला पगार मिळाला. मला नोकरी लागली. मला राग आला. मला सर्दी झाली. मला गंमत कळली. मिळणे, लागणे, येणे, होणे, कळणे अशी पाच वेगळी क्रियापदं झाली. इंग्रजीत पाचही ठिकाणी एकच: आय गॉट माय सॅलरी, आय गॉट अ जॉब, आय गॉट अँग्री, आय गॉट अ कोल्ड, आय गॉट द जोक. पोरांना विचारा, या पाच मराठी वाक्यांत सारखं काय आहे? थोडा वेळ द्या. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडेलच, "'मला' आहे जी सगळीकडे!"

इथं थांबा आणि इथंच जास्त वेळ घालवा, कारण आपल्या पोरांच्या निम्म्या चुका या 'मला'त आहेत. मराठीत पगार मिळतो, राग येतो, सर्दी होते. करणारा पगार, राग, सर्दी, आणि माणूस आपला बाजूला 'मला' होऊन उभा. जे होतं ते त्याच्याकडे चालत येतं. इंग्रजीला हे चालत नाही. तिथं माणसाला पुढं यावं लागतं, 'मला'चा 'मी' व्हावा लागतो: आय. म्हणून पोरगं 'मी गॉट पेन' असं लिहितं तेव्हा ते मराठी 'मी' नसतं, इंग्रजी 'मी' असतं, म्हणजे आपलं 'मला'. किंवा मग 'पेन गॉट टू मी'. दोन्हींत मराठी वाक्य तसंच्या तसं उभं आहे, फक्त कपडे बदललेत. मी वर्गात चक्क तीन पोरं उभी करायचो: एक 'मला', एक 'पेन', एक 'मिळाला'. मग 'मला'च्या खांद्याला धरून म्हणायचो, "आता तू 'आय' झाला. रांगेत पहिला ये." 'मिळाला' दुसरा, 'पेन' तिसरा. पोरं हसायची, पण नंतरच्या वह्यांत 'मी गॉट' कमी दिसायचं.

दुसरी गोष्ट 'आहे'ची. 'मला ताप आहे' आणि 'मला ताप आला' यांत फरक काय, हे कोणत्याही आईला विचारा. पहिल्यात ताप अंगात आहे. दुसऱ्यात तो सकाळी नव्हता, आता आहे. 'आहे'ला हॅव किंवा ॲम, 'आला'ला गॉट. आय हॅव अ फीवर. आय गॉट अ फीवर. आय ॲम हंग्री. आय गॉट हंग्री. 'गेट'च्या पोटात कायम हा बदल असतो: आधी नव्हतं, मग झालं. वस्तू नव्हती, हातात आली. राग नव्हता, आला. घरी नव्हतो, पोहोचलो. तुमच्या कोशातले बरेचसे अर्थ या एका ओळीत बसतात. जाता जाता, 'आय ॲम हॅविंग फीवर' हे शिक्षकांच्या रजेच्या अर्जातही दिसतं, तेवढं पोरांना लागू देऊ नका.

त्या ओल्या पोराकडे येतो. जुलैत कधीतरी एखादं पोरगं भिजून येईलच. त्याला दारातच उभं करा.

"घरून निघाला तेव्हा कसा होता रे?"

"कोरडा होतो जी."

"आणि आता?"

"ओला झालो."

"मंग मधात जे झालं ना, ते गॉट."

इथं 'मला' नाही, 'मी झालो' आहे, आणि 'गॉट'नंतर वस्तू नाही, गुण सांगणारा शब्द आहे: वेट, टायर्ड, ओल्ड, रेडी, डार्क. तिथं सरळ 'होणे' घालायचं. आणि आपल्या भागाला इथं एक आयती सोय आहे. पुण्याकडचं पोरगं 'अंधार पडतोय' म्हणेल, आपलं म्हणतं 'अंधार पडून राह्यला'. 'इट इज गेटिंग डार्क'मध्ये तेच हळूहळू होत राहणं आहे. 'थंडी वाढून राह्यली', इट इज गेटिंग कोल्ड. 'बाबा म्हातारे होऊन राह्यले', फादर इज गेटिंग ओल्ड. या वाक्यांना वऱ्हाडी बोलू द्या, लगेच बसतं. फक्त रोजच्या गोष्टीला ते लावू नये. 'मले रोज तीनशे भेटते' याचं इंग्रजी 'आय गेट थ्री हंड्रेड अ डे', गेटिंग नाही.

आता 'भेटणे'. मी पहिली दहा वर्षं पोरांना टोकत होतो, "पैसे भेटत नाहीत, मिळतात. माणसं भेटतात." पोरगं मान हलवायचं आणि बाहेर टपरीवर जाऊन विचारायचं, "पेन भेटंल का?" मराठीच्या पेपरात 'मिळणे' लिहायला शिकवावंच, पण इंग्रजीच्या तासाला मी हे टोकणं सोडून दिलं. आपल्याकडचं 'भेटणे' वस्तूलाही चालतं, पगारालाही चालतं आणि बसलाही चालतं: 'साडेसातची गाडी भेटली.' 'गेट'चा तेवढा पसारा एकट्या 'मिळणे'त मावत नाही. 'आय गॉट द बस'ला 'बस मिळाली'पेक्षा 'गाडी भेटली' हे आमच्या पोरांच्या कानाला जास्त जवळचं. 'ओलं भेटलं' मात्र वऱ्हाडातही कोणी म्हणत नाही, आणि हे त्या पोराला वाक्य मोठ्यानं म्हणायला लावलं तर त्याचं त्यालाच कळेल.

'गेट'नंतर जागेचा किंवा दिशेचा शब्द आला की माणूस हलतो. गेट होम, घरी पोहोचणे. गेट टू यवतमाळ, यवतमाळला पोहोचणे. 'होम'ला 'टू' नाही, गावाला आहे. आणि मग इन, ऑन, आउट, ऑफ. माझ्या त्या 'बस बंद केली'वाल्या पोरीनंतर मी हे स्टँडवर नेऊन शिकवलं. एसटीत चढताना गेट ऑन, उतरताना गेट ऑफ. काळी-पिवळीत बसताना गेट इन, उतरताना गेट आउट. ऑटोलाही इन आणि आउट. का? ढोबळ खूण अशी की ज्या गाडीत शिरून उभ्यानं चालता येतं, किंवा जिच्यावर टांग टाकून बसतात, तिला ऑन: बस, रेल्वे, सायकल, घोडा. जिच्यात वाकून शिरायचं आणि गुडघे जुळवून बसायचं, तिला इन. एका पोरानं विचारलं, "सर, काळी-पिवळीच्या टपावर बसलो तं?" तेव्हा ऑन, बाबू. भाषाही तेच म्हणते आणि पोलिसही.

'गेट अप' आणि 'वेक अप' यांतला फरक कापूस वेचायला जाणाऱ्या आईवरून सांगा. चारला जाग येते ते वेक अप. अंथरूण सोडून चुलीशी जाते ते गेट अप. पोरांचं स्वतःचं वेक अप सहाला आणि गेट अप सातला असतं, हे ती खुशीनं कबूल करतात.

यापुढचा भाग सातवीला थोडा जड जाईल, पण तुम्हाला माहीत असलेला बरा. 'गेट'नंतर क्रियापदाचं तिसरं रूप आलं की बहुधा माणसाला काहीतरी झालेलं असतं: ही गॉट स्टंग बाय अ स्कॉर्पियन, त्याला विंचू चावला. पाहा, पुन्हा 'त्याला'. शी गॉट सिलेक्टेड, तिची निवड झाली. लग्नाचंही याच घरातलं: शी गॉट मॅरिड. इथं एक चूक पदवीधरांचीही सुटत नाही. मराठीत लग्न 'कोणाशी', 'कोणासोबत' होतं, म्हणून सगळे 'गॉट मॅरिड विथ' लिहितात. इंग्रजीत 'टू'. मॅरिड टू अ टीचर. लग्नपत्रिका इंग्रजीत छापायची हौस आता गावोगाव आहे, त्यामुळे हे सांगून ठेवलेलं बरं.

मग येतं 'करून घेणे'. पंप जळाला, दुरुस्त करून घेतला: आय गॉट द पंप रिपेअर्ड. पीकविम्याचा फॉर्म केंद्रावरून भरून घेतला: आय गॉट द फॉर्म फिल्ड. क्रम नीट पाहा. आधी 'गॉट', मग वस्तू, मग रूप. पोरं 'आय गॉट फिल्ड द फॉर्म' लिहितात, आणि त्यात भरलो तो मी की फॉर्म, हेच कळत नाही. माणसाचं नाव आलं की 'टू' लागतो: आय गॉट माय ब्रदर टू फिल द फॉर्म, भावाकडून भरवला. आपल्याकडे 'मी कटिंग केली' असं सर्रास म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं की कात्री न्हाव्याच्या हातात होती. तेच इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं तर समोरचा तुमच्या डोक्याकडे काळजीनं पाहील. त्याला वाटेल स्वतःच कापले. आय गॉट माय हेअर कट, असं म्हणायचं.

तुमचा दुसरा प्रश्न 'हॅव गॉट'चा. दिसायला झालेलं, अर्थानं आत्ताचं. मी असं सांगतो: 'मिळवून ठेवलंय' म्हणजे जवळ आहे. आय हॅव गॉट टू बुलक्स, माझ्याकडे दोन बैल आहेत. आय हॅव टू बुलक्स म्हटलं तरी तेच. प्रश्न करताना 'हॅव यू गॉट अ पेन?' चालतं, 'डू यू हॅव अ पेन?' चालतं, पण दोन्हींची खिचडी करून 'डू यू हॅव गॉट' नाही चालत. कालची गोष्ट असेल तर नुसतं 'हॅड' वापरा, भानगड नको. आणि 'आय हॅव गॉट टू गो' हा वेगळा प्राणी, मला जावं लागतं. इथं आपलं 'लागणे' पुन्हा दाराशी आलं. आपल्या लिपीत बैलांचा 'टू' आणि जाण्याचा 'टू' एकसारखाच दिसतो, म्हणून हे फळ्यावर रोमन अक्षरांतच लिहा. देवनागरीत उच्चार लिहून द्यायची आपली सवय इथं घात करते.

देवनागरीचा आणखी एक घात म्हणजे खुद्द 'गेट'. रेल्वेचं गेट आणि मिळण्याचं गेट आपण एकसारखंच लिहितो. माझ्या पहिल्या वर्गात 'गेट'चा अर्थ विचारला तर अर्धा वर्ग म्हणाला, 'फाटक'. मिळण्याचा 'गेट' आखूड आहे, जीभ टेकली न टेकली की संपतो. फाटकाचा 'गेट' लांब, शेवटी इ-कडे झुकतो. मराठीत आखूड 'ए'ला वेगळं अक्षर नाही. तेलुगूत आहे. आणि कोलाम आदिवासींच्या कोलामी बोलीतही आखूड आणि लांब 'ए' वेगळे ऐकू येतात. तुमच्या वर्गात कोलाम पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची, पोरं असतील तर या उच्चाराच्या वेळी त्यांना पुढं बोलवा. मराठीच्या तासाला ती अनेकदा गप्प बसलेली असतात. इथं त्यांचा कान आपल्यापेक्षा तयार निघू शकतो.

सगळीच 'मला' वाक्यं 'गेट'मध्ये जात नाहीत, हेही सांगायला हवं, नाहीतर पोरं गाडी सुसाट सोडतात. मला आवडलं, मला दिसलं, मला वाटलं, मला आठवलं यांना इंग्रजीत आपापली क्रियापदं आहेत. 'मला दोन तास लागले' तिकडे 'टेक'च्या वाट्याला जातं: इट टुक मी टू अवर्स. आणि 'मला उशीर झाला'चं 'आय गॉट लेट' देशभर ऐकू येतं, पण ते आपलं भारतीय इंग्रजी. तिकडचा माणूस 'आय वॉज लेट' किंवा 'आय गॉट डिलेड' म्हणतो. मी यावर गुण कापत नाही, फक्त बाजूला लिहून ठेवतो.

मुख्याध्यापक सरांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. अर्जात, निबंधात, कार्यालयीन पत्रात 'आय गॉट युवर लेटर'पेक्षा 'आय रिसीव्ह्ड युवर लेटर' शोभतं. मिळवणे असेल तर ऑब्टेन, होणे असेल तर बिकम. पण हलकं म्हणायचं तर तो शब्द इंग्रजांच्या घरात नांदतो आहे कित्येक शतकं. मूळ नॉर्स भाषेतला, 'गेता'. उत्तरेकडून डेन्मार्क-नॉर्वेचे लोक नवव्या शतकात इंग्लंडात येऊन वसले, त्यांच्या तोंडून तो रुळला. 'टेक'ही त्यांचाच. इंग्रजीचा स्वतःचा जुना भाऊबंद होता, तो 'फर्गेट'मध्ये अडकून राहिलाय: पकड सुटणे, हातातलं निसटणे, म्हणून विसरणे. बोलताना पोरांना 'गेट' मनसोक्त वापरू द्या. 'रिसीव्ह'चं स्पेलिंग आठवेपर्यंत पोरगं गप्प बसत असेल तर ते कोणाच्या कामाचं नाही.

'गॉटन'चं कोणी विचारलं तर ते अमेरिकेचं. तिथं 'हॅज गॉटन' म्हणतात, ब्रिटिश 'हॅज गॉट'. आपल्या पेपरात 'गॉट'च लिहावं. पोरं मोबाइलवर 'गॉटन' ऐकून येतात आणि सर चुकले म्हणून खूश होतात, त्यांना खूश होऊ द्यावं.

तुम्ही त्या 'मले ओलं भेटलं'ला शून्य दिलंत असं लिहिलंय. मी अर्धा गुण दिला असता. 'आय'चं 'मले' होतं हे त्यानं न शिकवता ओळखलं आणि 'गॉट'मधलं 'भेटणे'ही पकडलं. फक्त शेजारी 'वेट' बसलाय, तिकडे त्यानं वळून पाहिलं नाही. उद्या त्याला उठवून विचारा, "ओलं भेटलं का ओला झाला?"